आधी मजुरी द्या, मग सल्ला

'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला गरिबाला जितका फुकट मिळतो तितकं दुसरं काहीच फुकट मिळत नाही. डॉक्टर देतात, बँकेतले साहेब देतात, कीर्तनात बुवा देतात, आणि आता सकाळी सकाळी मोबाइलवरचे सुविचारही देतात. एक तारखेला ज्याच्या खात्यात पगार पडतो तो माणूस, ज्याची आठवड्याची मजुरी अडकली आहे त्याला मन प्रसन्न ठेवायला सांगतो. या सल्ल्याचा मला राग आहे. तो चुकीचा आहे म्हणून राग आहे, आणि त्याने नुकसान होतं म्हणून जास्त राग आहे.

हातखंब्याच्या तिठ्यावर सकाळी सातला थांबून बघा. मुंबईहून आलेला महामार्ग इथे रत्नागिरीला वाट फोडून पालीकडे, पुढे गोव्याकडे जातो. उतारावरून ट्रक-टँकर ब्रेक दाबत येतात. रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे; धूळ नसली तर चिखल असतो. टपरीवर चहाचा ग्लास हातात घेऊन माणसं उभी असतात. कोणी चिरेखाणीवर जाणारे, कोणी गवंड्याच्या हाताखालचे, कोणी आंब्याच्या बागेत रोजावर. त्यांचं बोलणं ऐका. मधूनच एखाद्याची चेष्टा होते, हसणं होतं, आणि गाडी परत हिशेबावर येते. मुकादमाची उचल किती फिटली, दुकानदाराच्या वहीवर किती चढलं, बचत गटाचा हप्ता कधी, फायनान्सवाला कोणत्या वारी दारात येणार. गरिबाला पैशाचं भान नसतं असं म्हणणाऱ्यांनी हे अर्धा तास ऐकावं. पैशाचा इतका विचार माझ्या ओळखीचा कोणी पैसेवाला करत नाही.

तिथल्याच एका औषधाच्या दुकानात मी एका बाईंच्या मागे उभा होतो. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या महिन्याभराच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. बाईंनी बटव्यातल्या नोटा काढल्या, मोजल्या, त्यातली एक परत आत ठेवली आणि म्हणाल्या, "चारच द्या." दुकानदाराने काही न विचारता कात्री उचलली आणि स्ट्रिप कापून दिली. कात्री गल्ल्याजवळच ठेवलेली होती, म्हणजे ती दिवसातून किती वेळा लागत असेल याचा अंदाज करा. "बाकीच्या शनिवारी न्हेते," बाई म्हणाल्या. शनिवारी नवऱ्याचा पगार होतो. झालाच तर होतो. बाहेर आल्यावर मी विचारलं, झोप लागते का? त्या म्हणाल्या, "डोळा लागतो, पन डोकं नाय झोपत."

गेल्या काही वर्षांत अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र मिळून जे सांगू लागलंय, ते या बाईंनी एका ओळीत सांगितलं. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांचा एक अभ्यास छापून आला. त्यात तमिळनाडूतले ४६४ ऊस शेतकरी होते. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. तोडणीआधी घरात ओढाताण, दागिने गहाण, उसनवारी. तोडणीनंतर हातात रोकड. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी कोडी घातली, लक्ष किती लागतं ते तपासलं. तोडणीआधी ते मागे पडले, तोडणीनंतर सुधारले. माणूस तोच, शाळा तितकीच शिकलेला, गाव तेच. बदलला होता तो खिसा. या निष्कर्षावर पुढे अभ्यासकांमध्ये वाद झाले आणि प्रत्येक प्रयोगात परिणाम तेवढाच दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण नंतर ओडिशात पत्रावळ्या लावणाऱ्या मजुरांवर प्रयोग झाला, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे मजूर नगावर काम करणारे, हंगाम कडकीचा. काहींना त्यांच्याच मजुरीतला काही भाग लवकर दिला. ज्यांच्या हातात पैसे आले त्यांच्या पत्रावळ्या जास्त निघाल्या आणि चुकाही कमी झाल्या. त्यांना दर वाढवून दिला नव्हता, एक पैसा जादा दिला नव्हता. त्यांचेच पैसे त्यांना आधी दिले, इतकंच.

आपल्याकडे ठेकेदार आणि बागायतदार बरोबर याच्या उलट वागतात. मजूर पळून जाऊ नये म्हणून त्याचे पैसे अडकवून ठेवतात. 'हिशेब शेवटी करू' हे वाक्य कोकणात किती सहज बोललं जातं! पैसे अडकलेला मजूर रात्रभर कूस बदलतो, सकाळी कामावर चुकतो, आणि मग तोच ठेकेदार म्हणतो, या लोकांचं कामात लक्ष नसतं.

झोपेचंही ऐका. चेन्नईतल्या हातावर पोट असलेल्या लोकांच्या झोपेचा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही माणसं अंथरुणावर आठ तास असतात, झोपतात मात्र साडेपाच तास. उकाडा, डास, आवाज, आणि डोक्यातला हिशेब. रात्रीची झोप अर्ध्या तासाने वाढवली तर फारसा फरक पडला नाही. दुपारी कामाच्या जागी शांतपणे अर्धा तास झोपू दिलं तर काम सुधारलं आणि मनही. आपल्या बांधकामांवर दुपारी सिमेंटच्या पोत्यांच्या सावलीत कोणी आडवा झाला की मालकाच्या कपाळावर आठी येते.

कोकणातल्या गरिबीचं एक स्वतःचं कॅलेंडर आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय इथल्या माणसाच्या मनाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मिरग लागला की चिरेखाणी बंद. आंब्याचा हंगाम आटोपलेला, बागेतलं काम संपलेलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे बंदरावरचं कामही बंद. लावणीचे थोडे दिवस रोज मिळतो, मग थेट कापणीपर्यंत हात रिकामे. आणि खर्च नेमके याच महिन्यांत उभे राहतात. जूनमध्ये शाळा सुरू होते: वह्या, गणवेश, छत्री. पावसाआधी छपराची डागडुजी. पाऊस सुरू झाला की तापाची साथ. आणि भाद्रपदात गणपती. गणपतीला घरी मूर्ती आणायची नाही, असं कोकणातला माणूस उपाशी असला तरी म्हणणार नाही. त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांना कोकण कळलेलं नाही. वर्षात ज्या एका दिवशी त्याच्या घराला सगळ्या वाडीइतकाच मान असतो तो दिवस तो सोडून देईल कसा?

ज्यांच्याकडे पैसा आहे ते मे महिन्यात आगोट भरतात. तांदूळ, डाळ, सुकी मासळी, मसाला, लाकडं, सगळं एकदम आणि स्वस्तात. ज्याच्याकडे नाही तो तेच सामान पावसात पाव किलो, छटाक करून महाग घेतो. गरिबाचं सगळंच सुटं आणि महाग असतं. चार गोळ्या, पाच रुपयांचा शाम्पू, दिवसाच्या व्याजाचं कर्ज. आणि या प्रत्येक सुट्या खरेदीला एक निर्णय लागतो. आज तेल आणायचं की गोळ्या? गाडीभाडं द्यायचं की चालत जायचं? पोराला सहलीला पाठवायचं की 'बरं नाही' म्हणून घरी ठेवायचं? आपण दिवसातून असे किती निर्णय घेतो? बहुतेक दिवशी एकही नाही. असे निर्णय रोज आणि वर्षानुवर्षं घेणारं डोकं थकणारच.

हे कोकणाला नवं नाही. इथली चूल कित्येक पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला; त्यात कोकणातली घरं किती होती ते इथल्या प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. गावी परतलेले ते बाप आमच्या पिढीने पाहिलेत. पडवीत बसून राहणारे, विचारलं तर 'काय नाय' म्हणणारे. त्यांना कोणी रुग्ण म्हटलं नाही. तापट म्हटलं, दारुडा म्हटलं, ऐतखाऊ म्हटलं.

मनाला जे होतं ते शरीरात उतरतंच. सततची काळजी रक्तदाब वाढवते, भूक मारते नाहीतर नको ते खायला लावते, आणि औषधाचा खाडा घडवते. इथली बाई दवाखान्यात येऊन 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. ती म्हणते छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, अंगात त्राण नाही, डोकं बधिर होतं. तिला शक्तीचं इंजेक्शन मिळतं आणि ती शंभर-दोनशे रुपये देऊन घरी जाते. आजार तसाच राहतो, कर्ज तेवढं वाढतं.

याच महामार्गाने खाली गेलं की म्हापसा लागतं. तिथल्या जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंत होणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यातल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. कारणं काय निघाली? घरची ओढगस्त, नवऱ्याशी बिनसलेलं, आणि मुलगी झाली म्हणून घरच्यांनी फिरवलेलं तोंड. पुढच्या अभ्यासात दिसलं की अशा आईच्या बाळाचं वजनही नीट वाढत नाही. म्हणजे कुपोषणाच्या यादीत ज्या बाळाचं नाव लागतं, त्याच्या आईला कोणी तरी 'कशी आहेस गो?' एवढं विचारायला हवं होतं. अंगणवाडीत बाळाचं वजन होतं, दंडाचा घेर मोजला जातो. आईच्या मनाचा रकाना त्या वहीत नाही.

आता तिठ्यावरून दुसरीकडे वळू, रत्नागिरीकडे. दहा-पंधरा किलोमीटरवर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं त्या १८८६ सालापासूनचं. ठाणं, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी राज्यात चारच प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यातलं एक आपल्या उशाशी आहे. कायदाही गरिबाच्या बाजूचा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, हातात कार्ड असो वा नसो, उपचार मोफत मिळाले पाहिजेत आणि त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, असं त्यात लिहिलं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारांना पैसे पडत नाहीत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे.

तरी बाई जात नाही. का? एसटीची वाट बघण्यात सकाळ जाते, रांगेत दुपार जाते, दिवसाचा रोज बुडतो. सोबत नवरा आला तर दोघांचा बुडतो. 'पुढच्या महिन्यात परत या' म्हटलं की परत खाडा. सरकारने फी माफ केली, दिवस माफ केला नाही. वर वाडीत कळलं की पोरीचं लग्न अडेल, ही भीती वेगळी. मग ती भगताकडे जाते आणि आपण तिला अडाणी म्हणतो. भगत वाडीतच असतो, रात्री आठलाही भेटतो, आणि तिचं सगळं ऐकून घेतो. आपल्या बाह्यरुग्ण विभागात तिच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. त्या दोन मिनिटांत ती भगताला दिलेल्या कोंबड्याचा खर्च आणि घरातला कलह सांगणार, की छातीतली धडधड?

ऐकून घेणारं माणूस घराजवळ मिळालं पाहिजे, आणि ते मिळू शकतं. डॉ. पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ साली गोव्यात 'संगात' ही संस्था उभी केली. मानसोपचाराची कसलीही पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना त्यांनी प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. रुग्णाशी सहा ते आठ वेळा, अर्धा-पाऊण तास बोलायचं, रोजच्या जगण्यात एकेक छोटी गोष्ट परत सुरू करायला मदत करायची, अडचण सोडवायला हात द्यायचा. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. अशी मदत मिळालेल्यांपैकी तीव्र नैराश्यातून सावरलेले ६४ टक्के, न मिळालेल्यांत ३९ टक्के. विदर्भात आत्महत्यांनी पोळलेल्या गावांतही 'संगात'ने गावातल्याच कार्यकर्त्यांकडून असं काम करून घेतलं. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्याला जमतं, विदर्भाला जमतं, मग रत्नागिरी जिल्ह्याच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार, मजूर परत येण्याच्या वेळी, असं एक माणूस का बसू नये? आशाताई आहेतच, पण त्यांच्यावर आणखी एक काम फुकट लादू नका. कामाचा मोबदला द्या आणि तो वेळेवर द्या, कारण त्या बायकाही याच हिशेबात जगतात.

आणि समुपदेशन हे मजुरीला पर्याय नाही, हेही ठणकावून सांगतो. एकाच परिसरातल्या सगळ्यात गरीब माणसांना नैराश्य आणि चिंतेचे आजार सगळ्यात सधन माणसांपेक्षा दीड ते तीन पट अधिक असतात, असं जगभरच्या अभ्यासांचा आढावा सांगतो. गरिबीने आजार येतो, आजाराने काम सुटतं, काम सुटलं की गरिबी वाढते. हे चक्र दोन्ही बाजूंनी तोडावं लागतं. इंडोनेशियात गरीब घरांना सरकारने रोख मदत दिली तिथे आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे गरिबाच्या खात्यात हजार-पंधराशे गेले की चहाच्या टेबलावर 'फुकटचे' हा शब्द ऐकू येतो. योजनांवर टीका जरूर करा, मतांसाठी साधलेली त्यांची वेळ तपासा, तिजोरीचं काय ते विचारा. पण ठरल्या तारखेला येणारी रक्कम माणसाला झोप देते. आणि तारीख हुकली की तीच रक्कम नवी काळजी होऊन बसते. सरकारने हप्ते लांबवले, रोजगार हमीची १५ दिवसांत द्यायची मजुरी महिनोन्महिने थकवली, तर ते दिरंगाईच्या रकान्यात मोजलं जातं. ते आरोग्याच्या रकान्यात मोजलं पाहिजे. या महाराष्ट्राने १९७७ साली देशात पहिल्यांदा कामाची हमी देणारा कायदा केला. हमी या गोष्टीची किंमत आपल्या राज्याला समजावून सांगावी लागू नये.

ज्यांना मन जड झालंय, झोप उडालीय, जगू नये असं वाटतंय, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर फोन करावा. दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरी काम करणाऱ्या बाईंना, बागेतल्या गड्याला, साईटवरच्या पोराला हा क्रमांक लिहून द्या. सल्ला देऊ नका, क्रमांक द्या.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची बाग आहे, ज्यांचं बांधकाम चालू आहे, ज्यांच्याकडे कोणी रोजावर येतं, त्यांना एक विनंती. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला, ठरल्या वारी द्या. 'सुटे नाहीत' म्हणू नका, 'सोमवारी बघू' म्हणू नका. पावसाच्या तोंडावर गड्याने थोडी आगाऊ मागितली तर ती बिनव्याजी द्या आणि त्याला आगोट भरू द्या. कोणाचे पैसे आज तुमच्याकडे अडकले असतील तर हे पान मिटायच्या आधी त्यांना फोन करा आणि संध्याकाळी येऊन घेऊन जायला सांगा.